खंड्याची पालखी : सातारच्या छत्रपतींचा कुत्रा आणि त्याची समाधी

१/
साताऱ्याच्या पूर्वेस कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम होतो, तेथे माहुली हे क्षेत्र आहे. सातारच्या राजघराण्यातील व्यक्तींच्या समाध्या या नदीकाठी आहेत. थोरल्या शाहू महाराजांची समाधी येथलीच. त्याच परिसरात चौथऱ्यावर एका कुत्र्याचे दगडी शिल्प आहे. ही महाराजांच्या लाडक्या ‘खंड्या’ची समाधी, असे परंपरा सांगते. राजघराण्याच्या दहनभूमीत एका कुत्र्याला जागा कशी मिळाली, त्याची ही हकीकत.

२/
शाहू महाराजांचा जन्म १६८२ चा. १६८९ मध्ये रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले. सुटका झाली ती औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास राज्याभिषेक झाला आणि पुढे सुमारे ४२ वर्षे त्यांनी राज्य केले. महाराजांना शिकारीचा मोठा शौक होता.

३/
अशाच एका शिकारीत खंड्याने धन्याचा जीव वाचवला. वाघ झेप घेण्याच्या बेतात होता. कुत्र्याने भुंकून त्याची चाहूल दिली आणि महाराज सावध झाले. या प्रसंगाची नोंद ‘मराठ्यांचा इतिहास’ लिहिणाऱ्या ग्रँट डफ याने केली आहे. हा ग्रंथ १८२६ चा. त्याआधी डफ साताऱ्यास कंपनीचा अधिकारी होता.

४/
डफ पुढे लिहितो की, महाराजांनी या कुत्र्याला सनद देऊन जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. तो मान कागदावरच राहिला नाही. पालखीचा सारा सरंजाम प्रत्यक्षात ठेवला गेला.

त्या काळी पालखीत बसण्याचा अधिकार राजाने द्यावा लागे. रणांगणावर आयुष्य घालवलेले सरदार या मानासाठी झुरत.

५/
सातारच्या सनदेचे वजन भंडारा जिल्ह्याच्या इतिहासावरून कळते. देवगडच्या गोंड राजसत्तेचा अधिकारी राजा खान पठाण याने तुमसर तालुक्यातील आंबागड बांधला. पुढे हा किल्ला आणि सारा मुलूख नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या ताब्यात आला. ‘सेनासाहेबसुभा’ हे पद रघूजींना शाहू महाराजांनीच दिले होते; ते नात्याने महाराजांचे साडूही होते. ज्या दरबाराच्या मान्यतेवर वैनगंगेच्या काठची सत्ता उभी राहिली, त्याच दरबाराने एका कुत्र्याला जहागीरदार केले.

६/
याहून गाजलेला प्रसंग दरबारातला. दोन सरदार भेटीस आले असता महाराजांनी कुत्र्याला जरीची वस्त्रे नेसवली, जडजवाहीर घातले आणि स्वतःच्या डोक्यावरची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. त्यानंतर महाराजांनी मस्तकावर काही धारण केले नाही, असे डफ सांगतो.

७/
डफच्या मते हा बुद्धिभ्रंश होता, आणि त्याची सुरुवात धाकट्या राणीच्या मृत्यूच्या दुःखातून झाली. मराठी आख्यायिका हीच गोष्ट वेगळी सांगते. दागिन्यांनी मढून मिरवत येणाऱ्या सरदाराचा ताठा उतरवण्यासाठी महाराजांनी साधी पांढरी वस्त्रे ल्याली आणि दागिने कुत्र्याच्या अंगावर घातले; श्रीमंतीचे मोल दाखवण्याचा तो अबोल मार्ग होता.

८/
यातले खरे कोणते? दोन्ही कथनांना आपापला हेतू आहे. कंपनीच्या अधिकाऱ्याला छत्रपती दुर्बळ झाले आणि सत्ता पेशव्यांकडे गेली, हे दाखवायचे होते. आख्यायिकेला राजाचे शहाणपण राखायचे होते. पगडीचा प्रसंग वेड म्हणून सांगा वा धडा म्हणून. वाघाची घटना मात्र कोणी नाकारत नाही. पालखी त्या उपकाराची फेड होती. दुःखात बुडालेल्या माणसाने आपला जीव राखणाऱ्या मुक्या प्राण्यावर माया करावी, एवढ्यावरून त्याला वेडा ठरवण्याची घाई इतिहासानेही करू नये.

९/
उपकाराची फेड राजाला करता आली. गरिबाला ती साधली नाही, तर काय होते? भंडाऱ्याहून पूर्वेकडे छत्तीसगडात गेले की बालोद जिल्ह्यातील खपरी गावी ‘कुकुरदेव’ मंदिर लागते. अठराव्या शतकात हाही मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. मंदिर जुने, नागवंशी राजांच्या काळातले मानले जाते. त्याची लोककथा अशी :

१०/
एका बंजाऱ्याने अडचणीच्या दिवसांत आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल कोठे दडवला ते कुत्र्याने पाहिले होते. त्याने सावकाराला तेथे नेले. खूश झालेल्या सावकाराने सारी हकीकत चिठ्ठीत लिहून ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळे केले. कुत्रा धावत धन्याकडे आला. तो शब्द मोडून पळून आला, असे वाटून बंजाऱ्याने काठी घातली. कुत्रा मेल्यावर चिठ्ठी दिसली.

११/
पंचतंत्रातील मुंगसाची गोष्ट याच जातीची. अशी कथा अनेक देशांत सांगतात, म्हणून खपरीची हकीकत घडलीच असे म्हणता येत नाही. तरी तेथे कुत्र्याची मूर्ती आजही पूजली जाते. माहुलीला कृतज्ञतेचे स्मारक आहे, खपरीला पश्चात्तापाचे.

१२/
तिसरे स्मारक रायगडावरचे. शिवछत्रपतींच्या चितेत ‘वाघ्या’ने उडी घेतली, ही कथा महाराष्ट्रभर ठाऊक आहे. पुतळा मात्र १९३६ चा आणि कथेला समकालीन कागदाचा आधार नाही. २०११ मध्ये तो हटवला गेला व पुन्हा बसवला गेला. २०२५ मध्ये वाद पुन्हा पेटला. खंड्याच्या वाट्याला निदान इतिहासकाराची नोंद आली. वाघ्याच्या वाट्याला लोकांची माया आली, आणि मायेला पुरावा लागत नसला तरी इतिहासाला तो लागतो.

१३/
१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज निवर्तले. खंड्याची जहागीर, पालखी, तिचे भोई, काहीच उरले नाही. उरला तो संगमावरचा दगड. घरातला कुत्रा गेल्यावर परसातल्या झाडाखाली त्याला माती देणारी, आणि पुढे कित्येक दिवस जेवताना भाकरीचा तुकडा मोडून उंबऱ्याकडे पाहणारी माणसे आजही गावोगावी आहेत. त्यांना माहुलीच्या त्या समाधीचा अर्थ कोणी उलगडून सांगावा लागत नाही.