जुना ट्यूब ॲम्प घुमतोय? उघडण्याआधी हे तपासा

मित्राचा जुना ट्यूब गिटार ॲम्प माझ्याकडे आला तेव्हा गिटार न वाजवताही त्यातून सतत ‘घूंऽऽ’ येत होतं. मी प्लग काढला, मागचं कव्हर खोललं आणि आत हात घालणार, तेवढ्यात ओळखीच्या मेकॅनिकने तो धरला. मीटर लावून दाखवलं: प्लग काढून पाच मिनिटं झाली होती, तरी आतल्या कपॅसिटरवर 280 व्होल्ट शिल्लक होते! म्हणून नियम एकच: आतलं काम जाणकाराचं. पण बिघाड कुठे आहे, हे तुम्ही बाहेरूनच बरंचसं शोधू शकता.

ट्यूब म्हणजे आजोबांच्या रेडिओत असायचा तो व्हॉल्व्ह. गिटारचा बारीक सिग्नल आधी प्रीॲम्पच्या छोट्या ट्यूबमध्ये वाढतो, मग पॉवर ट्यूबमधून स्पीकरकडे जातो. आपण कोडमधला बग शोधतो तसं एकेक भाग वेगळा करत जायचं.

1. गिटारची केबल ॲम्पमधून काढा. आवाज थांबला तर दोष गिटार, केबल किंवा पेडलमध्ये.

2. आवाज चालूच असेल तर व्हॉल्यूम शून्यावर न्या. आवाज गेला तर प्रीॲम्पकडे बघा. तसाच राहिला तर पॉवर ट्यूब किंवा पॉवर सप्लायवर संशय घ्या.

3. नॉब फिरवताना खरखर होते? बहुधा आत धूळ साचलीये.

4. छोट्या ट्यूबवर पेन्सिलीने अगदी हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून ‘टिंग’ असं घुमलं तर ती ट्यूब बदलायला झालीये. हात लावू नका, चटका बसेल.

5. मोबाईलवर स्पेक्ट्रम ॲनालायझर ॲप उघडून स्पीकरसमोर धरा. आपली वीज 50 हर्ट्झची. 50 आणि 150 ला उंच रेषा दिसली तर अर्थिंग किंवा वायरिंग तपासायला हवं. फक्त 100 आणि 200 ला दिसली तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले असण्याची शक्यता जास्त.

हे मात्र लक्षात ठेवा:

- ट्यूबमधली फिलामेंट नारिंगी दिसणं नॉर्मल आहे. पण आतली धातूची प्लेट लाल झाली तर लगेच बंद करा.
- स्पीकर न जोडता ॲम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.
- अमेरिकेतून आणलेला ॲम्प 120 व्होल्टचा असू शकतो. मागची पट्टी वाचा, तसं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा.

आमच्या ॲम्पची रेषा 100 ला होती, आणि व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही आवाज कमी होत नव्हता. मेकॅनिकला एवढंच सांगितलं. त्याने आधी कपॅसिटर रिकामे केले, मग फिल्टर कपॅसिटर बदलले. घुमणं थांबलं. ‘आवाज खराब येतोय’ एवढंच सांगितलं असतं, तर त्याला सगळं पहिल्यापासून शोधावं लागलं असतं.