कोर्ट म्हणालं नष्ट करा, आज त्याच सिनेमाचे रिमेक होतायत : ड्रॅक्युला आणि नोसफेराटूची गोष्ट

२५ डिसेंबर २०२४. ऐन नाताळात अमेरिकेतल्या थिएटरांत एक सिनेमा लागला. त्यात ना सांताक्लॉज होता, ना गोड शेवट. होता तो अंगावरचं मांस कुजलेला, झुपकेदार मिशांचा, खर्जात बोलणारा एक मेलेला उमराव. रॉबर्ट एगर्स या दिग्दर्शकाचा हा 'नोसफेराटू' जानेवारीत भारतातही आला. जगभरात त्याने सुमारे १८ कोटी डॉलर्स कमावले आणि ऑस्करची ४ नामांकनं मिळवली.

गंमत अशी, की हा ज्या सिनेमाचा रिमेक आहे तो मूळ सिनेमा आज शिल्लकच असायला नको होता. १९२५ साली जर्मनीतल्या कोर्टाने त्याच्या सगळ्या प्रिंट्स नष्ट करण्याचा आदेश दिला होता. कारण साधं होतं. तो चोरीचा माल होता.

नावं बदलली, गोष्ट तीच

ब्रॅम स्टोकर हा मूळचा डब्लिनचा लेखक. लंडनच्या लायसियम थिएटरचं व्यवस्थापन हे त्याचं पोटापाण्याचं काम. १८९७ साली त्याची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी आली. ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगरातला एक काउंट लंडनमध्ये घर विकत घेतो, जहाजाने तिथे पोहोचतो आणि माणसांचं रक्त पिऊ लागतो, अशी ही गोष्ट. स्टोकर १९१२ मध्ये वारला आणि कादंबरीचे हक्क त्याची बायको फ्लोरेन्सकडे आले.

इकडे बर्लिनमध्ये प्राना फिल्म नावाची नवी कंपनी निघाली. त्यांना ही गोष्ट हवी होती, पण हक्कांचे पैसे काही त्यांनी दिले नाहीत. मग काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ऑरलॉक झाला, जोनाथन हार्करचा हुटर, मिनाची एलेन आणि लंडनच्या जागी विस्बोर्ग नावाचं काल्पनिक जर्मन शहर आलं. एफ. डब्ल्यू. मुर्नाव यांनी दिग्दर्शन केलं आणि मार्च १९२२ मध्ये बर्लिनमध्ये 'नोसफेराटू' पहिल्यांदा दाखवला गेला. एवढी नावं बदलून झाल्यावर सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये मात्र 'ब्रॅम स्टोकरच्या ड्रॅक्युला कादंबरीवरून' असं त्यांनी स्वतःच लिहून टाकलं! चोराने पावती फाडून ठेवावी, तसा प्रकार.

फ्लोरेन्स स्टोकरने ब्रिटनमधल्या लेखकांच्या संघटनेची मदत घेतली आणि केस लढवली. विधवा बाईसाठी ही कादंबरी उत्पन्नाचं साधन होती, त्यामुळे तिचा राग समजण्यासारखा होता. पण प्राना फिल्म तोवर दिवाळखोरीत निघाली होती. भरपाई देणार कोण? शेवटी सिनेमाच नष्ट करायचं ठरलं. तोवर काही प्रिंट्स देशाबाहेर गेल्या होत्या. त्या वाचल्या आणि त्यातूनच पुढे सिनेमा पुन्हा जोडला गेला.

व्हॅम्पायर उन्हात मरतो, हे कुणी ठरवलं?

'व्हॅम्पायरला ऊन लागलं की तो संपतो' हे आज लहान पोरांनाही माहीत असतं. स्टोकरच्या कादंबरीत मात्र असं काहीच नाही. तिथे ड्रॅक्युलाची ताकद दिवसा कमी होते, इतकंच. लंडनच्या पिकॅडिली भागात तो चक्क भर दिवसा फिरताना दिसतो. शेवटी तो मरतो तेही सुऱ्यांनी. त्यातली एक जोनाथनच्या हातातली, गुरखा सैनिकांची ओळख असलेली कुकरी.

उन्हाचा मृत्यू आणला तो १९२२ च्या 'नोसफेराटू'ने. एलेन स्वतःचा जीव पणाला लावून ऑरलॉकला पहाटेपर्यंत अडकवून ठेवते, कोंबडा आरवतो, खिडकीतून ऊन येतं आणि काउंट धूर होऊन विरून जातो. ज्या सिनेमाला कोर्टाने चोर ठरवलं, त्याने घातलेली ही भर पुढच्या शंभर वर्षांच्या व्हॅम्पायरपटांनी जशीच्या तशी उचलली.

या कोर्टबाजीमुळे ड्रॅक्युलाची जणू दोन घराणी तयार झाली. एक अधिकृत. फ्लोरेन्सच्या परवानगीने १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये नाटक आलं, तिथे उंच कॉलरचा काळा झगा आला. हे नाटक ब्रॉडवेला गेलं आणि युनिव्हर्सल कंपनीने रीतसर हक्क विकत घेऊन १९३१ मध्ये बेला लुगोसीचा 'ड्रॅक्युला' काढला. तेल लावलेले केस, संध्याकाळच्या पार्टीचा सूट, अदबशीर बोलणं. दुसरं घराणं चोरीचं : टक्कल, उंदरासारखे पुढचे दात, लांब नखं आणि मागोमाग येणारी प्लेगची साथ. १९५८ मध्ये ब्रिटनच्या हॅमर कंपनीने ख्रिस्तोफर ली यांना घेऊन पहिल्या घराण्याला रंगीत रक्त आणि ठळक सुळे दिले. (लुगोसीच्या ड्रॅक्युलाला सुळे दिसतच नाहीत, हे आज पाहताना चुकल्यासारखं वाटतं.)

हर्झोगचा थकलेला ड्रॅक्युला

ब्रिटनमध्ये तेव्हा लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क राहायचे. म्हणजे १९६२ नंतर 'ड्रॅक्युला' सगळ्यांचा झाला. जर्मन दिग्दर्शक वेर्नर हर्झोग यांनी १९७९ मध्ये 'नोसफेराटू' पुन्हा केला तेव्हा त्यांनी आधी नावं परत आणली. चेहरा ऑरलॉकचा, नाव ड्रॅक्युला.

हर्झोग यांच्यासाठी प्रश्न फक्त भुताचा नव्हता. युद्धानंतर वाढलेल्या जर्मन दिग्दर्शकांच्या मागे नाझी काळात गुंतलेली वडिलांची पिढी होती. तिच्याशी नातं सांगता येईना, म्हणून ते आजोबांच्या पिढीकडे, म्हणजे मुर्नाव यांच्याकडे गेले. त्यांच्या सिनेमात क्लाउस किन्स्कीचा ड्रॅक्युला भीतीपेक्षा कीव आणतो. त्याला मरता येत नाही, हेच त्याचं दुःख. शेवटही त्यांनी उलटा केला. काउंट मरतो, पण जोनाथन स्वतः व्हॅम्पायर होऊन घोड्यावरून निघून जातो. साथ संपतच नाही.

मूळ ऑरलॉकच्या चेहऱ्याबद्दल एक अवघड चर्चा आहे, ती टाळता येणार नाही. वाकडं नाक, सोबत उंदीर, परक्या मुलखातून येऊन शहरात घर घेणारा आणि रोगराई आणणारा माणूस. त्या काळी युरोपात ज्यूंची जी विद्रूप चित्रं काढली जायची, त्यांच्याशी हे जुळतं, असं अनेक अभ्यासक म्हणतात. दुसरीकडे पटकथाकार हेन्रिक गालेन स्वतः ज्यू होते. बनवणाऱ्यांचा हेतू काय होता, यावर वाद होऊ शकतो. पण पुढे दहाएक वर्षांत जर्मनीत जे सुरू झालं ते माहीत असताना हा सिनेमा निरागसपणे पाहणं कठीण आहे.

१९९२ : जबरदस्तीची प्रेमकथा झाली

आज बहुतेकांच्या डोक्यात जो ड्रॅक्युला आहे, तो फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा. सिनेमाचं नाव 'ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला'. म्हणजे मूळ पुस्तकाशी प्रामाणिक असल्याचा दावा थेट नावातच. पात्रांच्या बाबतीत तो बराच खराही आहे. पण सिनेमाचा कणा असलेली प्रेमकथा स्टोकरने लिहिलेलीच नाही.

सिनेमात १४६२ मध्ये व्लाड युद्धावरून परततो. तो मेल्याची खोटी बातमी ऐकून बायको एलिझाबेटाने जीव दिलेला असतो. तो देवाला नाकारतो, व्हॅम्पायर होतो आणि चारशे वर्षांनी लंडनच्या मिनामध्ये त्याला तीच बायको दिसते. पुनर्जन्म, अधुरं प्रेम. हिंदी सिनेमावर वाढलेल्या प्रेक्षकाला हे अजिबात परकं वाटत नाही. जन्मोजन्मीच्या प्रेमाची ही कल्पना १९७४ च्या एका टीव्ही सिनेमातही येऊन गेली होती. कपोला यांनी ती जगभर नेली.

आता कादंबरीत काय आहे? तिथली मिना शिक्षिका आहे, टायपिंग आणि शॉर्टहँड येणारी. सगळ्यांच्या डायऱ्या आणि पत्रं टाइप करून ड्रॅक्युलाला पकडण्याचा पुरावा तीच जुळवते. ड्रॅक्युला तिला बळजबरीने स्वतःचं रक्त प्यायला लावतो. तो हल्ला आहे. त्यात प्रेम कुठेच नाही. कपोलांच्या सिनेमात हाच प्रसंग दोघांच्या संमतीचा, जवळपास मधुचंद्राचा होतो. गॅरी ओल्डमन आणि विनोना रायडर तो इतक्या ताकदीने करतात, की प्रेक्षकही ड्रॅक्युलाच्या बाजूने होतो. दिसायला सिनेमा अफाट आहे. कॉम्प्युटरऐवजी दुहेरी एक्स्पोजर, उलटी फिरवलेली रीळ, छोटी मॉडेल्स अशा जुन्या युक्त्या त्यात आहेत. एइको इशिओका यांच्या कपड्यांना मिळालेल्या ऑस्करसह एकूण ३ ऑस्कर त्याने घेतले. (किआनू रीव्हजच्या इंग्रजी उच्चारांची चेष्टा अजून थांबलेली नाही, पण ते सोडा.) या यशाची किंमत मात्र मिनाने मोजली. पुराव्यांची जुळवाजुळव करणारी बाई मागे पडली आणि कुणाचीतरी हरवलेली बायको पुढे आली.

एगर्सने मिशा का लावल्या?

एगर्स यांनी शाळेत असतानाच 'नोसफेराटू' रंगमंचावर केलं होतं. सिनेमा जाहीर झाला २०१५ मध्ये, पडद्यावर यायला आणखी ९ वर्षं गेली. पहिला ट्रेलर आला तेव्हा ऑरलॉकचा चेहरा लपवला होता. सिनेमा पाहिल्यावर लोक दोन गोष्टींवर बोलत सुटले : मिशा आणि श्वास.

मिशांचं कारण एगर्स यांनी सांगितलं आहे. ऑरलॉक ट्रान्सिल्व्हेनियाचा जुना उमराव असेल, तर त्याला मिशा असणारच. पूर्व युरोपातल्या लोककथांमधला व्हॅम्पायर देखणा नव्हताच. तो गावात परत आलेलं, कुजणारं प्रेत होता. म्हणून हा ऑरलॉक मानेऐवजी छातीतून रक्त पितो आणि डेशियन ही लुप्त झालेली भाषा बोलतो. बिल स्कार्सगार्डने आवाज खाली नेण्यासाठी ऑपेरा गायिकेकडून तालीम घेतली होती.

खरा बदल एलेनच्या गोष्टीत आहे. १९२२ ची एलेन शेवटी बलिदान देते, पण सिनेमा तिच्या नवऱ्यामागे फिरतो. एगर्सचा सिनेमा सुरूच तिच्यापासून होतो. एकटी पडलेली मुलगी अंधारात कुणालातरी साद घालते आणि ऑरलॉक उत्तर देतो. पुढे तिला झटके येतात, तेव्हा डॉक्टर तिला गुंगीचं औषध देतात, घट्ट कॉर्सेट घालायला सांगतात, पलंगाला बांधतात. एकोणिसाव्या शतकात बाईच्या दुखण्याला 'हिस्टेरिया' म्हणून मोकळं व्हायची पद्धत होती, तीच ही. लिली-रोझ डेपच्या एलेनचं म्हणणं कुणी ऐकत नाही. ऐकतो तो एक विक्षिप्त प्राध्यापक, विलेम डॅफो.

हा ऑरलॉक तिच्यावर प्रेम असल्याचं नाटकही करत नाही. आपण नुसती भूक आहोत, हे तो तिला तोंडावर सांगतो. कपोलांनी जे झाकलं होतं, त्यावरचं पांघरूण एगर्स ओढून काढतात. तरीही एलेनच्या मनात ओढ आहेच. म्हणून हा सिनेमा लहानपणीच्या अत्याचाराबद्दल आहे की दाबून टाकलेल्या इच्छेबद्दल, यावर प्रेक्षकांमध्ये भांडणं झाली. सिनेमा दोन्हीला जागा देतो आणि तिथेच तो सगळ्यात अस्वस्थ करतो.

प्रेमकथा संपली नाही, आणि रोमानियाही गप्प बसला नाही

मधल्या काळात 'ड्रॅक्युला अनटोल्ड' (२०१४), निकोलस केजचा 'रेनफील्ड' (२०२३) आणि कादंबरीतल्या फक्त जहाजप्रवासावरचा 'द लास्ट व्हॉयेज ऑफ द डिमीटर' (२०२३) येऊन गेले. २०२५ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक ल्यूक बेसाँ यांनी पुन्हा अधुऱ्या प्रेमाचा ड्रॅक्युला काढला. लंडनऐवजी पॅरिस, बाकी वाट बरीचशी कपोलांचीच.

त्याच वर्षी रोमानियाचे राडू जुडे यांनी लोकार्नो महोत्सवात स्वतःचा 'ड्रॅक्युला' आणला. जवळपास ३ तासांचा, मुद्दाम भडक आणि एआयने बनवलेल्या ओबडधोबड दृश्यांनी भरलेला. त्यामागची चिडचिड समजून घ्यायला हवी. स्टोकर आयुष्यात कधी रोमानियाला गेला नाही. ड्रॅक्युला हे नाव त्याला व्हिटबी गावच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं. रोमानियात व्लाड हा वालाकियाचा राजा, इतिहासातला माणूस. तरी जगभरचे पर्यटक ब्रान किल्ल्यावर जातात ते रक्तपिपासू काउंटचं घर बघायला. आपला राजा दुसऱ्याच्या गोष्टीत भूत होऊन बसला, आणि वर त्याचीच चुंबकं विकून पैसे कमवायचे, या विचित्र अवस्थेची जुडे खिल्ली उडवतात.

आपल्याकडेही असाच एक घोळ झालाय. रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या, तेव्हा वेताळासाठी 'व्हॅम्पायर' हा शब्द वापरला. इकडे सिंधुदुर्गातल्या आरवलीला वेतोबा गावाचा राखणदार आहे. लोक त्याला भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. गोव्यातही वेताळाची देवळं आहेत. १९९० चा रामसे बंधूंचा 'बंद दरवाजा' सरळ ड्रॅक्युलाच्या वाटेने गेला होता. 'झोंबिवली' आणि 'मुंज्या'वाले आदित्य सरपोतदार यांनी २०२५ च्या 'थामा'मध्ये मात्र आपले रक्त पिणारे जीव बेताळ म्हणून उभे केले. म्हणजे बर्टनने वेताळाला दिलेलं व्हॅम्पायरचं रूप फिरून आपल्याच पडद्यावर आलं. फक्त नाव देशी.

कुठून सुरुवात करायची?

१९२२ चा मूळ सिनेमा आज इंटरनेटवर मोफत पाहता येतो. एक काळजी घ्या. बऱ्याच जुन्या प्रती नुसत्या काळ्या-पांढऱ्या आहेत आणि त्यात ऑरलॉक शवपेटी उचलून भर दिवसा गावातून चाललेला दिसतो. तेव्हा रात्रीची दृश्यंही दिवसा चित्रित करून फिल्मवर निळा रंग चढवायचे, तो रंग त्या प्रतींमध्ये उडालाय. साधारण दीड तासाची, निळ्या-पिवळ्या छटा असलेली दुरुस्त केलेली प्रत शोधा. नाहीतर उन्हात मरणारा व्हॅम्पायर उन्हातूनच का फिरतोय, हे शेवटपर्यंत कळणार नाही.