गाठ येईपर्यंत

नगरला मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे गिरवलेल्या सावित्रीबाई फुले १८९७ साली ६६ वर्षांच्या होत्या. पुण्यात प्लेग शिरला आणि त्यांच्या मुलानं, डॉक्टर यशवंतनं, हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना मांडला. मुंढव्याच्या एका आजारी पोराला बाईंनी पाठीवर घालून तिथं आणलं. पोर वाचलं, प्लेगनं बाईंना गाठलं. पिसूचा चावा ते गाठ हे अंतर दोन ते सहा दिवसांचं. इथं तीन दिवस धरू.

७२ तास आधी. पिसूच्या पोटात जंतूंचा बोळा अडकलेला. रक्त खाली उतरत नाही, म्हणून ती ओकते, ते थेट कातडीच्या आत.

६८ तास. पांढऱ्या पेशी चाव्यापाशी धावतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. जंतूच्या अंगावरची ठरावीक खूण दिसली की गिळायचं, एवढं जन्मापासून ठाऊक. १८८२ मध्ये शास्त्रज्ञ मेचनिकॉफनं तारामाशाच्या अळीत काटा खुपसून पाहिलं, तेव्हा काट्याभोवती अशाच पेशी जमल्या होत्या. बरेच जंतू इथंच संपतात. सगळे नाहीत.

४८ तास. मॅक्रोफाज नावाच्या पांढऱ्या पेशीनं गिळलेले काही जंतू तिच्या पोटात जिवंतच राहतात. पिसूच्या अंगात २६ अंश, माणसात ३७. ऊब लागली की जंतू अंगावरच्या चरबीची ठेवणच बदलतो. जागल्या जागा आहे, पण समोरचा चोर त्याला चोर वाटत नाही. हाकाटी होतच नाही. मला या रोगातलं सर्वांत भयंकर हेच वाटतं.

२४ तास. जंतू जांघेतल्या किंवा काखेतल्या ग्रंथीत पोचलेले. सुईसारख्या नळीतून ते पेशीत प्रथिनं टोचतात. पेशी गिळायचंच विसरते. माणूस अजून हिंडतो, फिरतो, दुसऱ्यांची सेवा करतो.

० तास. हुडहुडी, फणफणता ताप, हात लावू न देणारी गाठ.

पुढे जंतू रक्तात उतरले की अंगभर एकदम बोंब होते. रक्तवाहिन्या पाझरतात, रक्तदाब कोसळतो. उशिरा जागं झालेलं शरीर जंतूइतकंच स्वतःला मारतं. तेव्हा उपचार असा नव्हताच. १० जानेवारीला मुंबईत मेचनिकॉफचा शिष्य हाफकिन यानं आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. १० मार्चला सावित्रीबाई गेल्या.

नगरच्या शेजारी, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात १९९४ साली पुन्हा गाठी दिसल्या. या खेपेला घरोघर टेट्रासायक्लिन हे औषध पोचलं.