यशस्वी कोण होणार, हे आधी कसं ठरवायचं? फ्रीडम हाऊसचा धडा

‘पॅरामेडिक प्रशिक्षणात कोणते विद्यार्थी यशस्वी होतात?’ असा विषय तुम्ही घेतलात, तर पुढची वाट जवळजवळ ठरलेली असते. व्यक्तिमत्त्वाची एक चाचणी, अभ्यासाच्या सवयींची एक प्रश्नावली, परीक्षेचे गुण आणि मग सहसंबंध. कॉन्शियन्शसनेस, म्हणजे हातातलं काम नेटानं आणि वेळेवर पुरं करण्याची वृत्ती, हिचा शैक्षणिक यशाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसलेला आहे. त्यामुळे निष्कर्षही साधारण माहीत असतो. पण प्रश्नावली वाटण्याआधी या पेशाचा इतिहास एकदा वाचा.

१९६०च्या दशकात अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी रुग्णवाहिका चालवायचे ते पोलीस किंवा चक्क अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्था. पेशंट उचलायचा, गाडीत घालायचा आणि दवाखाना गाठायचा, एवढंच. वाटेत उपचार जवळपास नाहीतच. पिट्सबर्गमध्ये हे बदललं ते डॉ. पीटर सफार यांच्यामुळे. सीपीआरची पद्धत घडवणाऱ्यांपैकी ते एक. १९६७ मध्ये त्यांच्या आणि फिल हॅलन यांच्या पुढाकारातून ‘फ्रीडम हाऊस ॲम्ब्युलन्स सर्व्हिस’ उभी राहिली.

आता निवड कोणाची झाली, ते बघा. हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीतले कृष्णवर्णीय तरुण. बरेच बेरोजगार, काहींचं शालेय शिक्षणही अर्धवट. आपल्या प्रश्नावलीत ‘मी रोज ठरावीक वेळी अभ्यास करतो’ या विधानापुढे यांनी काय लिहिलं असतं? गुणांवरून चाळणी लावली असती, तर यातले कितीतरी जण दारातच अडले असते.

सफार यांनी त्यांना सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण दिलं. शरीररचना, शरीरक्रिया, सीपीआर, सुरक्षित वाहनचालन आणि रुग्णालयात प्रत्यक्ष सराव. १९६८ मध्ये गाड्या रस्त्यावर आल्या. १९७४ मध्ये डॉ. नॅन्सी कॅरोलाइन वैद्यकीय संचालक झाल्या. त्या स्वतः रुग्णवाहिकेतून फिरायच्या, काम जवळून बघायच्या, शिकवायच्या. पुढे त्यांनी तयार केलेला अभ्यासक्रम देशभरातल्या पॅरामेडिक प्रशिक्षणाचा पाया ठरला. म्हणजे ज्यांच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती, त्यांच्यासोबत काम करताना घडलेली शिकवण पुढे सगळ्यांसाठी मानक झाली.

संशोधक म्हणून इथे थांबा. अभ्यासाची सवय विद्यार्थी घरून घेऊन येतो, असं आपण गृहीत धरतो. पण चांगलं प्रशिक्षण सवय घडवतंसुद्धा. प्रवेशाच्या दिवशी एकदाच मोजणी केली, तर हा बदल तुम्हाला दिसणारच नाही. आणि नमुन्यात फक्त चाळणीतून पार झालेलेच असतील, तर बाहेर राहिलेल्यांबद्दल तुमची आकडेवारी गप्प असते.

गोष्ट इथेच संपत नाही. १९७५ मध्ये शहरानं करार संपवला आणि स्वतःची सेवा सुरू केली. फ्रीडम हाऊसची माणसं तिथे गेली खरी, पण त्यातल्या अनेकांना बाजूला सारलं गेलं, आणि बरेच जण लवकरच बाहेर पडले. जॉन मून मात्र टिकले आणि पुढे त्याच सेवेत वरच्या पदापर्यंत पोचले.

आता कल्पना करा, तुमच्या हातात त्या काळची फक्त एक एक्सेल शीट आहे: नाव, चाचणीचे गुण, ‘सोडून गेला: हो/नाही’. तुम्ही काय लिहाल? ‘चिकाटी कमी’? वर्णभेद त्या शीटच्या कुठल्याच रकान्यात नाही, म्हणून तो माणसाच्या स्वभावाच्या नावावर जमा होतो.

व्यक्तिमत्त्व आणि सवयी यांचा अभ्यास करूच नका, असं मी म्हणत नाही. जरूर करा. फक्त आराखड्यात थोडी भर घाला. मोजणी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी करा. यश म्हणजे लेखी परीक्षा, रस्त्यावरचं काम की नोकरीत टिकणं, हे आधी ठरवा. आणि सोडून गेलेल्यांना शोधून त्यांच्याशी बोला. कारण तुमच्या निष्कर्षावरून उद्या एखादी संस्था प्रवेशाची चाळणी तयार करेल, आणि त्या चाळणीत अडकणारा मुलगा तुमचा प्रबंध कधीच वाचणार नाही.