वात बारीक करण्याचा इतिहास

यंदाच्या स्मरणिकेसाठी घरातील एखाद्या वस्तूचा इतिहास लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, एवढेच मला ठाऊक. पण आमच्या भिंतीवरील एका गोल बटणाने मला थोडा इतिहास शिकवला, तो भगिनींना सांगते.

२०१२ साली आम्ही नव्या जागेत आलो. तिथे छतात हॅलोजनचे लहान दिवे बसवलेले होते. त्याच वर्षी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. रात्री त्यांना काळोख सोसवेना आणि लख्ख उजेडही डोळ्यांवर येई. म्हणून यजमानांनी डिमर बसवून घेतला. पण बटण फिरवून उजेड कमी केला की छतातून भुंग्यासारखी गुणगुण येई आणि दिवे थरथरत. सासूबाई दचकून जाग्या होत. जड जिभेने म्हणत, “अगं, वात बारीक कर ना!” त्यांच्या मनात अजून कंदीलच होता.

त्या शब्दांनी मी विचारात पडले. कंदिलाची वात खाली करणे हे घरोघर बायकांचेच काम होते. मूल निजले की वात खाली, कोणी उठले की वर. तेलही वाचे. मग विजेचा दिवा आला आणि ही सोय गेली. दिवा एक तर लागे, नाही तर विझे. मधले काही उरले नाही.

नाटकगृहांना मात्र मंद उजेड हवाच होता. लंडनचे सॅव्हॉय नाटकगृह १८८१ साली संपूर्ण विजेच्या दिव्यांनी उजळले. पुढे कित्येक नाटकगृहांत मिठाच्या पाण्याच्या मोठ्या बरण्या ठेवीत. त्यांत धातूची पट्टी वर-खाली केली की दिवे कमी-जास्त होत. कोठे तारांची वेटोळी वापरीत. दोन्हींत एकच खोट होती. दिवा मंद झाला तरी उरलेली वीज उष्णता होऊन वाया जाई. असली तापणारी अवजड वस्तू घराच्या भिंतीत कोण बसवणार?

हे कोडे न्यूयॉर्कच्या जोएल स्पायरा यांनी १९५९ साली आपल्या राहत्या घरातील एका खोलीत प्रयोग करून सोडवले. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे वाहते. स्पायरांच्या युक्तीत थायरिस्टर नावाचा लहानसा भाग प्रत्येक फेरीचा थोडा तुकडा गाळून टाकतो. म्हणजे दिवा क्षणोक्षणी बंद-चालू होत असतो, पण ते इतके झरझर की डोळ्यांना नुसता मंद उजेड दिसतो. वीज फारशी तापून वाया जात नाही. १९६१ साली स्पायरा व त्यांच्या पत्नी रूथ यांनी ल्यूट्रॉन कंपनी काढली आणि डिमर साध्या बटणाच्या जागेत मावू लागला. वात बारीक करण्याची सोय घरात परत आली.

योगायोग असा, की हॅलोजन दिव्याचे पेटंटही अमेरिकेत १९५९ सालीच मिळाले. साध्या बल्बची तार झिजते आणि तिची काजळी काचेवर बसते. फ्रिड्रिक व वायली यांनी काचेत थोडे आयोडीन घातले. ते झिजलेला धातू उचलून पुन्हा तारेवर नेऊन ठेवते. मात्र त्यासाठी काच सुमारे २५० अंश तापावी लागते. दिवा फार दिवस मंदच ठेवला तर हे काम थांबते आणि काच काळवंडू शकते. म्हणून अधूनमधून तो पूर्ण तेजाने लावावा. आणखी एक. उजेड निम्मा केला म्हणून वीज निम्मी लागत नाही, बचत त्याहून कमीच होते.

मग आमच्या घरची गुणगुण कशाची? हे छतातील दिवे १२ व्होल्टचे. घरात येणारी वीज २३० व्होल्टची. ती उतरवायला मध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. पन्नास वॉटचा असा एक दिवा चार अँपिअरहून अधिक वीज ओढतो. काही ट्रान्सफॉर्मर तारेच्या वेटोळ्याचे, काही इलेक्ट्रॉनिक. वेटोळ्याच्याला फेरीची सुरुवात गाळणारा डिमर लागतो, तर इलेक्ट्रॉनिक पुष्कळदा फेरीचा शेवट गाळणाऱ्याशीच नीट चालतो. आमच्याकडे जोडी चुकली होती. दुसऱ्या जाणत्या कारागिराने छताची झाकणी उघडून ट्रान्सफॉर्मर पाहिला व त्याला साजेसा डिमर बसवला. लग्नाआधी पत्रिका पाहतो, तशी दिवा, ट्रान्सफॉर्मर आणि डिमर या तिघांचीही पाहावी, हे तेव्हा कळले.

त्या रात्री मी बटण फिरवले. कसलाही आवाज आला नाही. उजेड हळूहळू पिवळा, मग कंदिलासारखा तांबूस झाला. सासूबाईंनी वर पाहिले आणि डोळे मिटले. त्यानंतरची दोन वर्षे त्यांची रात्रीची झोप त्याच उजेडात झाली.

युरोपात २०१८ सालापासून घरगुती हॅलोजन दिव्यांचे बरेचसे प्रकार बाजारातून काढले गेले. आमच्याही छतात आता एलईडी आहेत. ते घेतानाही मंद होणारे आहेत ना, हे विचारून घ्यावे, नाही तर जुन्या डिमरवर तेही थरथरतात. बटण नवे आले, पण जागा तीच आहे. निजताना ते फिरवले, की अजून माझ्या तोंडून येते, “वात बारीक केली हो, आई.”