देणगीची पावती

आपल्या प्रजासत्ताकाला दीड वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. १९५१ सालचा जून महिना. पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती आणि हंगामी संसद काम पाहत होती. त्या संसदेत मुंबईचे एक सभासद होते, एच. जी. मुद्गल. सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या ‘बॉम्बे बुलियन असोसिएशन’ या संस्थेकडून पैसे घेऊन ते तिच्या सोयीचे प्रश्न सभागृहात विचारतात, असा त्यांच्यावर आरोप झाला. मुद्गल काँग्रेसचेच. तरीही पंतप्रधान नेहरूंनी स्वतः ठराव मांडला आणि चौकशीसाठी संसदेची समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

समितीने मुद्गल यांना दोषी धरले. सप्टेंबरमध्ये हकालपट्टीचा ठराव आला, तेव्हा मतदानाआधीच त्यांनी राजीनामा दिला. सभागृहाने विषय तिथे सोडला नाही. हे सभासद हकालपट्टीलाच पात्र होते, अशी नोंद ठरावात करून ठेवली. आपल्या संसदेच्या इतिहासातले हे उजळ पान आहे. पण त्या पानाच्या मागची बाजू कोरीच राहिली, ती कशी, हे मला आज सांगायचे आहे.

मी काही कायद्याचा पंडित नव्हे. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. माझा व्यवहार शब्दांशी. आपल्या भाषेत पैसे देण्याला किती शब्द आहेत पाहा. दान, वर्गणी, देणगी, नजराणा, लाच. दान देणारा परतफेड मागत नाही. त्या हाताचे या हाताला कळू नये, असे मंदिरातही सांगतात आणि मशिदीतही. वर्गणी सगळ्यांनी मिळून द्यायची. नजराणा दरबारात न्यायचा, तो काम होण्यासाठीच. लाचेविषयी काय बोलावे! ‘देणगी’ हा शब्द मात्र या सगळ्यांच्या मधोमध उभा आहे. देणाऱ्याच्या मनाप्रमाणे तो दानाकडेही झुकतो आणि नजराण्याकडेही. म्हणून देणगीला पावती लागते, आणि पावती चारचौघांना दिसावी लागते.

आमच्या गल्लीत गणपतीची वर्गणी होते तशी उरुसाचीही होते. उत्सव संपला की फळ्यावर हिशेब लागतो. कुणी किती दिले, मांडववाल्याला किती गेले, दिवाबत्तीला किती. ज्याने सर्वांत मोठा आकडा दिला त्याच्याच दुकानातून सगळे सामान आले असेल, तर फळा वाचणाऱ्याला कळायचे ते कळते. देखरेख म्हणजे मुळात एवढेच. कुणी दिले आणि त्याला काय मिळाले, हे शेजारी शेजारी लिहायचे.

देशाच्या पातळीवर हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला तो आपल्या मुंबईत, १९५७ साली. टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात दुरुस्ती करून घ्यायची होती. एका भागधारकाने हरकत घेतली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नव्हती, त्यामुळे छागलांना परवानगी द्यावी लागली. पण देताना त्यांनी संसदेला सावध केले. कंपन्यांनी पक्षांना पैसे देणे हा धोका आहे, तो वाढत जाईल आणि एक दिवस या देशातल्या लोकशाहीचा गळा आवळेल, अशा आशयाचे त्यांचे शब्द निकालपत्रात आहेत. आपली लोकशाही तेव्हा पाळण्यातच होती. त्या पाळण्याशेजारी उभे राहून न्यायमूर्तींनी दिलेला हा इशारा होता.

इशाऱ्याचा अर्थ कळायला फार दिवस लागले नाहीत. त्यासाठी थोडे मागे जाऊ. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरूनच देशाला सांगितले होते, की आयुर्विम्याचा धंदा सरकार आपल्या हाती घेत आहे. सप्टेंबरमध्ये आयुर्विमा महामंडळ, म्हणजे आपली एलआयसी, सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिला आणि अर्थखाते आले कृष्णम्माचारींकडे. होय, मुद्गल समितीच्या त्याच अध्यक्षांकडे.

महामंडळातला पैसा कुणाचा, हे मला घरात कळले. माझे अब्बा शिंपी होते. ईदचे आणि दिवाळीचे कपडे शिवून पैसे आले, की विम्याचा हप्ता ते आधी बाजूला काढत. बाकीचा खर्च त्यानंतर. अशा लाखो घरांतला पैसा तिथे जमा होत होता. जून १९५७ मध्ये या पैशातून महामंडळाने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या घरातले शेअर विकत घेतले. मुंदडांचे गाडे तेव्हा आर्थिक चिखलात रुतले होते. महामंडळाची गुंतवणूक समिती होती, पण तिला आधी विचारलेच गेले नाही.

डिसेंबरमध्ये लोकसभेत हा विषय ज्यांनी लावून धरला ते होते फिरोज गांधी. सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. संसदेत जे बोलले जाते ते खरेपणाने छापल्याबद्दल वर्तमानपत्रावर खटला होऊ नये, हा १९५६ चा कायदाही त्यांच्याच खटपटीने झाला होता. रेडिओवरून सांगण्यालाही त्या कायद्याने संरक्षण दिले होते. म्हणजे आपण जे बोलणार ते लोकांच्या कानापर्यंत पोचले पाहिजे, याची तजवीज या माणसाने आधीच करून ठेवली होती.

सरकारने चौकशीचे काम सोपवले न्यायमूर्ती छागलांवर. जानेवारी १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली. इतकी गर्दी लोटली, की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री, अर्थखात्याचे सचिव, बडे अधिकारी साक्षीला येत होते आणि सामान्य माणूस बाहेर उभा राहून त्यांची प्रश्नोत्तरे ऐकत होता. महिन्याभरात अहवाल तयार झाला. हा व्यवहार मला न विचारता सचिवांनी केला, असे मंत्रिमहोदयांचे म्हणणे होते. छागलांनी ते पुरेसे मानले नाही. आपल्या खात्यात जे घडते त्याची जबाबदारी मंत्र्याचीच, असा निर्वाळा त्यांनी दिला. फेब्रुवारीत कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. सात वर्षांपूर्वी दुसऱ्याचे वर्तन तपासणारा माणूस स्वतः तपासला गेला होता.

पुढे न्यायमूर्ती विव्हियन बोस यांच्या मंडळाने अधिकाऱ्यांच्या वर्तनाची चौकशी केली, तेव्हा मुंदडांनी काँग्रेसच्या निधीला दिलेल्या देणगीचा विषयही निघाला. पक्षाला देणगी आणि सरकारी पैशातून मदत, ही दोन टोके एकाच माणसाशी येऊन मिळत होती. पण विषय निघाला तसा विरला. पक्षाच्या पेटीत काय पडले, हे सातत्याने पाहणारी कुठलीच व्यवस्था संसदेने उभी केली नाही.

छागलांचा इशारा अगदीच वाया गेला असे नाही. १९६० मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली. देणगीवर मर्यादा आली, आणि कुणाला किती दिले ते हिशेबात दाखवणे कंपनीला भाग पडले. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आली. बंदीने निवडणुकीचा खर्च कमी झाला नाही. जो पैसा धनादेशाने येत होता तो पिशवीतून येऊ लागला. १९८५ मध्ये बंदी उठली, पण पिशवीची सवय सुटली नाही.

याच मधल्या काळात महाराष्ट्राने आपला धडा घेतला. १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्याशी संबंधित प्रतिष्ठानला बांधकाम व्यावसायिकांनी दिलेल्या देणग्या आणि त्यांना मिळालेला सिमेंटचा कोटा यांची बातमी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने फोडली. सिमेंट तेव्हा सरकारी परवान्याने मिळत असे, घर बांधणारा माणूस एकेका पोत्यासाठी हेलपाटे घालत असे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेन्टिन यांनी देणगी आणि कोटा यांच्यातला संबंध निकालात नोंदवला आणि अंतुल्यांना पद सोडावे लागले. फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालला, त्यात त्यांना शिक्षा झाली नाही. मला इथे व्यक्तीपेक्षा व्यवस्थेबद्दल बोलायचे आहे. देणगीदारांची यादी आणि कोट्याची यादी शेजारी शेजारी ठेवली ती एका वर्तमानपत्राने आणि एका न्यायालयाने. ते काम खरे तर विधिमंडळाचे होते.

संसदेला नीतिमत्ता समिती, म्हणजे एथिक्स कमिटी, मिळाली ती फार उशिरा. १९९७ मध्ये राज्यसभेत ती स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते आपले शंकरराव चव्हाण. लोकसभेत ती २००० साली आली. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना अकरा खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले. त्यांतले दोघे आमच्या जळगाव जिल्ह्यातले. दहा-बारा दिवसांत चौकशी होऊन अकराही जणांची हकालपट्टी झाली. स्थानिक विकास निधीतली कामे देण्यासाठी टक्केवारी मागणारेही त्याच सुमारास उघडे पडले. मुद्गलांच्या वेळची परंपरा संसदेने राखली, याचा आनंदच आहे.

पण नीट पाहिले तर एक गोष्ट खटकते. या समित्या सभासदाचे वर्तन तपासतात. हजार, दहा हजार, लाख घेणारा हात त्यांना सापडतो. जो पैसा सभासदाच्या हातात न जाता पक्षाच्या खात्यात जातो, तो कितीही मोठा असला तरी त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. लहान चोरासाठी कुलूप आहे, मोठ्यासाठी दार उघडे आहे.

२०१७ मध्ये तर या दारावर पडदाही लावला गेला. निवडणूक रोखे आले. कंपनीने किती द्यावे याची मर्यादा गेली आणि कोणत्या पक्षाला दिले हे सांगण्याची सक्तीही गेली. १९६० साली जे दोन बांध घातले होते ते दोन्ही फुटले. देणाऱ्याला गुप्ततेचा हक्क आहे, असा युक्तिवाद झाला. मला तेव्हा आपला दानाचा दंडक आठवला. गुप्तदान पवित्र खरे, पण ते दुबळ्याला दिलेले. राज्य करणाऱ्याला गुपचूप दिले तर त्याला आपल्या भाषेत वेगळे शब्द आहेत.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. तोवर सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. मार्चमध्ये याद्या जाहीर झाल्या आणि कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला काय दिले, हे लोकांनी वाचले. अनेक पक्षांची नावे त्यांत होती. देणगीच्या बदल्यात कंत्राटे मिळाली का, याची विशेष पथकाकडून चौकशी व्हावी अशी मागणी झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. ज्याची तक्रार असेल त्याने कायद्याचे नेहमीचे मार्ग धरावेत, असे सांगितले.

न्यायालयाचे म्हणणे एका परीने खरे आहे. प्रत्येक वेळी न्यायमूर्तींनीच फळा लिहायचा का? हे काम आपण निवडून दिलेल्यांचे आहे. विधिमंडळाची समिती हवी, तिचे अध्यक्षपद विरोधकांकडे हवे, आणि देणगीदारांची व सरकारी कंत्राटांची यादी एकाच टेबलावर मागवण्याचा तिला अधिकार हवा. तिची सुनावणीही बंद दाराआड नको. १९५८ मध्ये मुंबईच्या रस्त्यावर उभे राहून लोकांनी अर्थमंत्र्यांची साक्ष ऐकली, तेव्हा राज्य कोसळले नव्हते. उलट हप्ता भरणाऱ्या माणसाला आपल्या पैशाला कुणी वाली आहे असे वाटले होते. पुढच्या वेळी उमेदवार मत मागायला दारात आला, की त्याला एवढेच विचारा, तुमच्या पक्षाला कुणी दिले आणि त्याला काय मिळाले? उत्तर मिळेपर्यंत त्याला दारातच उभे करा.