प्रश्न विचारला, पण समोर कोणी नव्हतं

यंत्र सुरू होताना त्यानं काय काय करायचं याची यादी आधीच लिहून ठेवायची, ही कल्पना क्लाउडपेक्षा फार जुनी. १९६३-६४च्या सुमारास लुई पूझां यांनी एमआयटीतल्या सीटीएसएस प्रणालीसाठी 'रनकॉम' लिहिलं: फायलीतल्या आज्ञा एकामागून एक चालवायच्या. युनिक्समधल्या 'आरसी' फायलींचं नाव त्यावरूनच आलं. पण तेव्हा यंत्र शेजारच्या खोलीत असे. अडलं की ऑपरेटरला दिसे.

२००६मध्ये ॲमेझॉननं ईसीटू आणलं, २०१६मध्ये त्यांचं मुंबई केंद्र सुरू झालं, आणि हिंगोलीत बसून आपण कधी न पाहिलेलं यंत्र उठवू लागलो. ऑपरेटर गेला.

दिवंगत वक्त्यांच्या कॅसेटी बुरशीनं चालल्या होत्या, म्हणून आम्हीही असं एक यंत्र घेतलं. आवाज चढवले. यंत्र 'चालू' दिसे, पान मात्र उघडेना. दोन दिवस आम्ही बंद-चालू करत बसलो! (तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट इथे काही कामाची नाही.) शेवटी एका विद्यार्थ्यानं आत शिरून क्लाउड-इनिटची लॉग फाइल उघडली. पॅकेज बसवताना यंत्रानं 'पुढे जाऊ का?' असं विचारलं होतं. उत्तर द्यायला कोणीच नाही. खाली एकच शब्द: 'अबॉर्ट'. आणि ही स्क्रिप्ट एरवी फक्त पहिल्या बूटलाच चालते, म्हणजे आमची बंद-चालू फुकटच गेली.

त्यानं आज्ञेत 'मायनस वाय' घातलं. नवं यंत्र घेण्याआधी जुन्या डिस्कवरचे आवाज मात्र आम्ही उतरवून घेतले.